रुळण्याचा काळ कोणाच्या खर्चाने?

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची गावे. एक घोड नदीच्या काठचे, दुसरे भीमेच्या. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे रेल्वेचे जंक्शन आणि कुरकुंभचे कारखाने. यांच्या आधाराने दरमहा ठरावीक वेतन मिळविणारा मोठा वर्ग या परिसरात स्थिरावला आहे. त्याच्या घरात फ्रिज, धुलाई यंत्र आणि दूरचित्रवाणी संच येऊन गेल्यावर पुढचा क्रम पुष्कळदा ध्वनियंत्राचा असतो. कोणी साउंडबार घेतो, कोणी अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकरची जोडी घेतो, विद्यार्थी हेडफोनवर समाधान मानतो. वस्तू हौसेची असली, तरी तिच्यासाठी मोजलेला पैसा हौसेचा नसतो; तो पगारातून किंवा हप्त्यांतून गेलेला असतो. अशा वेळी घरी आणलेल्या यंत्राचा आवाज मनास येत नाही, ही तक्रार घेऊन ग्राहक विक्रेत्याकडे गेला, तर त्याला एक ठरलेले उत्तर ऐकावे लागण्याचा संभव असतो: ‘यंत्र नवे आहे. शंभर तास वाजू द्या, मग आवाज मोकळा होईल.’

हे उत्तर खरे आहे काय, हा पहिला प्रश्न. खरे असो वा नसो, त्या शंभर तासांची जोखीम कोणी उचलावयाची, हा दुसरा. पहिला प्रश्न भौतिकशास्त्राचा, दुसरा अर्थशास्त्राचा. आणि बेताच्या उत्पन्नातून खरेदी करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने दुसऱ्याचेच महत्त्व अधिक आहे.

रुळणाऱ्या वस्तू

नवी वस्तू रुळावी लागते, ही कल्पना आपल्या लोकांस चटकन पटते, याला कारण आहे. आपल्या घरातील कितीतरी वस्तू खरोखरच रुळाव्या लागतात. बिडाचा नवा तवा तेल लावून तापवून काढल्याखेरीज त्यावरचे धिरडे सुटून येत नाही. मातीचा नवा माठ प्रथम पाणी भरून ठेवावा लागतो आणि ते पहिले पाणी फेकून द्यावे लागते. नव्या कोल्हापुरी वहाणा आधी चावतात, तेल मुरले म्हणजे पायाला बसतात. नवी मोटारसायकल पहिले काही शे किलोमीटर बेताने चालवावी असे सांगितले जाते. कारण पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत ही एकमेकांवर घासून नीट बसावयाची असतात. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बटण फिरविल्यानंतरचा अर्ध्या-एक मिनिटाचा मौनकाळ आठवत असेल. आतला तंतू तापल्याखेरीज त्या रेडिओतून शब्द उमटत नसे.

या सर्व उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. नेमके काय बदलते, हे दाखविता येते. बदलास किती काळ लागतो, याचा अंदाज असतो. आणि तो काळ पाळला नाही तर काय बिघडते, हेही डोळ्यांना दिसते. नव्या ध्वनियंत्राच्या बाबतीत केला जाणारा दावा या तीन कसोट्यांवर घासून पाहिला पाहिजे. ‘सगळेच रुळते, मग स्पीकर का रुळणार नाही?’ हा युक्तिवाद नव्हे. ते केवळ साम्य आहे, आणि साम्यावरून पैसे मोजावयाचे नसतात.

यंत्रात काय बदलते?

स्पीकरमध्ये हलणारा भाग आहे, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. कागदाचा वा तत्सम द्रव्याचा शंकू, त्याच्या कडेची रबराची किंवा फोमची झालर, आणि मुळाशी बसविलेली, राळेने ताठ केलेली वळ्यावळ्यांची कापडी चकती, यांच्या आधाराने तो मागेपुढे होतो. ही चकती नवी असताना थोडी अधिक ताठ असते. शंकू प्रथमच जोराने हलला की राळेचा ताठरपणा काहीसा सैलावतो आणि शंकूची नैसर्गिक कंपनसंख्या थोडी खाली येते. हा बदल मोजता येतो. मात्र त्याचा बराचसा भाग पहिल्या काही मिनिटांतच घडून जातो, आणि यंत्र विसावले की काही अंशी पूर्वस्थितीही येते. शिवाय कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच्या चाचणीत हा शंकू बहुधा एकदा हलविला गेलेलाच असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. स्पीकरचा खर्जातील आवाज कोणत्या राशींवर अवलंबून असतो, याचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत ते पूर्णत्वास नेले. जगभरचे स्पीकर आज त्याच गणिताने बेतले जातात. चकती सैलावली की त्यातील काही राशी वाढतात, काही घटतात. पण त्या एकमेकींशी अशा जखडलेल्या आहेत, की पेटीत बसविलेल्या स्पीकरच्या अंतिम आवाजात त्यांचा परिणाम बव्हंशी एकमेकांना छेद देऊन जातो. उरतो तो फरक इतका सूक्ष्म असतो, की त्यासाठी शंभर तास थांबा असे सांगण्यास आधार राहत नाही.

स्पीकरची ही गोष्ट झाली. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हलणारा, घासणारा वा सैलावणारा भागच नाही. वर्षानुवर्षे अडगळीत पडून राहिलेल्या जुन्या यंत्रातील काही कपॅसिटर पुन्हा हळूहळू कार्यक्षम करावे लागतात, हे खरे. पण तो जुनेपणाचा दोष आहे, नवेपणाचा नव्हे. आणि तांब्याची तार शंभर तास वीज वाहून अधिक गोड वाहू लागते, असे सांगणाऱ्याने घरातील दिव्याची तारही तशीच रुळते काय, या प्रश्नाचे उत्तर द्यावे. रांजणगावच्या वसाहतीत घरगुती फ्रिज तयार होतात. ‘शंभर तास चालू ठेवा, मग गार करील’ असे सांगून कोणी तो विकू लागला, तर त्याचे दुकान किती दिवस चालेल?

कान रुळतो

तरीही अनेक प्रामाणिक माणसे सांगतात, की महिनाभरानंतर आपल्या यंत्राचा आवाज खरोखरच सुधारला. ती खोटे बोलतात असे मानण्याचे कारण नाही. बदल घडलेला असतो. तो यंत्रात न होता ऐकणाऱ्यात झालेला असतो. नव्या आवाजाशी कान आणि मन यांचा परिचय होतो, आणि परिचित गोष्ट अधिक आवडू लागते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलेला हा मनाचा धर्मच आहे. आवाजाच्या सूक्ष्म छटांची स्मृती काही सेकंदांपलीकडे फारशी टिकत नाही. तेव्हा पहिल्या दिवसाचा आवाज आणि तिसाव्या दिवसाचा आवाज यांची तुलना करणारा माणूस वस्तुतः एका आवाजाची तुलना एका आठवणीशी करीत असतो. त्यात पदरचे पैसे गुंतलेले असले, म्हणजे आठवणीचा कौल कोणत्या बाजूने पडणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

डोळ्यांचा कानावर किती प्रभाव पडतो, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये प्रयोगाने दाखविले. तेच श्रोते आणि तेच स्पीकर. एकदा स्पीकर पडद्याआड ठेवून, एकदा समोर दिसत असताना. स्पीकर दिसू लागताच श्रोत्यांनी दिलेले गुण लक्षणीय बदलले. ऐकणाऱ्यांनी कानाइतकाच डोळ्यांनीही निकाल दिला होता.

या दाव्यातील आणखी एक विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वापराने वस्तू बदलत असेल, तर ती काही वेळा बिघडलीही पाहिजे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी वाजवून वाजवून बिघडते आणि कारागिराकडून पुन्हा काढून घ्यावी लागते. मग ध्वनियंत्र मात्र नेहमी सुधारतेच, कधी बिघडत नाही, आणि तेही नेमके मालकाच्या आवडीच्या दिशेने, हे कसे? निसर्गाचे नियम इतके आज्ञाधारक नसतात. मन मात्र असते.

आपल्याकडच्या खोल्यांचा विचार केला, तर हे अधिकच स्पष्ट होईल. सिमेंटचा स्लॅब, चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती आणि लोखंडी कपाट, अशा खोलीत उत्तम स्पीकरचाही आवाज घुमतो. स्पीकर मोकळ्या जागेतून भिंतीला टेकविला, तरी खर्जात ६ डेसिबलपर्यंत वाढ होऊ शकते. कोपऱ्यात सारला तर त्याहूनही अधिक. चकती सैलावण्याने होणारा फरक यापुढे नगण्य आहे. जमिनीवर जाड सतरंजी अंथरणे, खिडकीला पडदा लावणे आणि स्पीकर हातभर पुढे ओढणे, एवढ्या अर्ध्या तासाच्या खटपटीने जे साधते, ते शंभर तासांच्या प्रतीक्षेने साधत नाही. लग्नाच्या मांडवात ध्वनियंत्रणा भाड्याने देणारा व्यावसायिक नवा स्पीकर शंभर तास घरात वाजवून मग बाहेर काढीत नाही. त्याचे पोट त्या आवाजावर आहे. आणि ज्याचे पोट आवाजावर आहे, त्याचा व्यवहार बोलक्या शिफारशींपेक्षा अधिक विश्वसनीय असतो.

पारख, अनुभव आणि विश्वास

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. अर्थशास्त्रात वस्तूंचे एक उपयुक्त वर्गीकरण आहे. काही वस्तूंचा दर्जा घेण्यापूर्वीच पारखता येतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. गूळ घेणारा माणूस खडा तोडून जिभेवर ठेवतो आणि मग भाव करतो. दुसऱ्या काही वस्तूंचा दर्जा वापरल्यावरच कळतो. हा भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मांडला. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली: ज्या वस्तूंचा वा सेवांचा दर्जा वापरल्यानंतरही ग्राहकास निश्चित कळत नाही. गाडीचा सुटा भाग बदलणे खरोखर आवश्यक होते काय, हे गाडीच्या मालकाला कधीच कळत नाही. त्याला कारागिरावर विश्वास ठेवावा लागतो. पहिली पारखीची वस्तू, दुसरी अनुभवाची, तिसरी विश्वासाची.

ध्वनियंत्र ही स्वभावतः दुसऱ्या प्रकारची वस्तू आहे. घरी आणून वाजविले की ते आवडले किंवा नाही, हे दोन-चार दिवसांत कळते. ‘शंभर तास थांबा’ हे वाक्य तिला तिसऱ्या प्रकारात ढकलते. ग्राहकाने अनुभव घेतला, तो प्रतिकूल आला. पण तो अनुभवच ग्राह्य नाही, असे त्याला सांगितले जाते. आज ऐकलेले खरे नव्हे, पुढे ऐकू येईल ते खरे! शंभर तासांनीही समाधान झाले नाही, तर दोनशे तासांचा वायदा करता येतो. आणि त्यानंतर कानच तयार नाही, असेही म्हणता येते. ज्या विधानाला खोटे ठरण्याचा दिवसच नेमलेला नाही, त्याच्या आधारे झालेल्या व्यवहारात ग्राहकाच्या हाती काहीही उरत नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विक्रेत्याला दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला तो ओळखता येत नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे पडतो आणि वाईट माल टिकतो. या विचारधारेस २००१चे नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य असे, की दर्जा ओळखण्याचे ग्राहकाचे साधन काढून घेतल्याने नुकसान एकट्या ग्राहकाचे होत नाही. चांगला माल ठेवणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराचेही होते.

शंभर तास म्हणजे किती दिवस?

शंभर तास हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. नोकरी, मुलांचा अभ्यास आणि शेजाऱ्यांची झोप सांभाळणाऱ्या घरात संगीताला रोज एक तास मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे शंभर तासांस शंभर दिवस झाले, सव्वातीन महिने. दूरस्थ खरेदीत माल परत करण्याची मुदत पुष्कळदा सात किंवा दहा दिवसांची असते. गावातील दुकानाच्या पावतीवर तर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य आधीच छापलेले आढळते. यंत्र रुळेपर्यंत मुदत संपते. विक्रेत्याचा हेतू शुद्ध असला तरी परिणाम हाच होतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २०२०च्या जुलैपासून अमलात आला. सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वस्तूच्या कार्यक्षमतेची हमी पुरेशा व योग्य चाचणीवाचून देणे, हीही अनुचित प्रथाच. आणि चाचणी झाली होती हे सिद्ध करण्याचा भार हमी देणाऱ्यावर आहे. ‘दोष’ या शब्दाची व्याख्याही विस्तृत आहे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यात उणे पडणे हाही दोष होय. ग्राहकास आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही पडत नाही.

तथापि आवाज आवडला नाही, एवढ्यावरून माल सदोष ठरत नाही, हेही तितकेच खरे. आणि तोंडी सांगितलेले ‘शंभर तास’ आयोगापुढे सिद्ध करणे कठीण. ग्राहकाचा हक्क पुस्तकात आहे, पण पुरावा हवेत विरून गेलेला असतो.

एक साधी अट

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की काही नामांकित उत्पादकही आपल्या माहितीपुस्तिकेत रुळण्याचा काळ सुचवितात. ते सारे अज्ञानी की लबाड? दोन्ही म्हणण्याची गरज नाही. उतावळेपणाने परत येणारा माल कमी व्हावा, असे कोणत्याही उत्पादकास वाटणारच. त्या इच्छेत गैर काही नाही. पण इच्छा म्हणजे पुरावा नव्हे. दुसरा आक्षेप असा, की ग्राहकास सवड दिली तर तो यंत्र महिनोन्‌महिने वापरून परत करील. हा धोका खरा आहे. परंतु काळ किती लागतो हे ठरविले कोणी? ग्राहकाने शंभर तास मागितलेले नाहीत. ते विक्रेत्याने मागितले आहेत. ज्याने काळ मागितला, त्यानेच त्या काळाची जोखीम घ्यावी, हा न्याय साध्या व्यवहारबुद्धीस पटण्याजोगा आहे.

म्हणून सूचना एवढीच: यंत्र रुळण्यास अमुक तास लागतात असे जो सांगेल, त्याने ते तास पावतीवर लिहून द्यावेत, आणि घरगुती वापराच्या हिशेबाने तेवढे दिवस माल परत घेण्याची मुदत वाढवावी. ज्याचा आपल्या विधानावर विश्वास असेल, त्याला याची भीती वाटण्याचे कारण नाही. सुधारलेला आवाज ऐकल्यावर ग्राहक माल परत आणणारच नाही. ज्याचा विश्वास नसेल, तो पावतीवर काही लिहिणार नाही आणि तोंडानेही म्हणणार नाही. दोन्ही प्रकारे बाजार स्वच्छ होईल. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये म्हटल्याप्रमाणे, ज्या संकेतासाठी काही किंमत मोजावी लागते, तोच संकेत विश्वासार्ह ठरतो. फुकटच्या शब्दाने खऱ्या-खोट्याचा निवाडा होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास असा दंडक घालण्याचा विचार करता येईल. तोवर गावोगावच्या दुकानदारांनी आपण होऊन तो पाळण्यास कोणाची हरकत आहे? दूरस्थ बाजाराशी स्पर्धा करताना ‘येथे ऐका, घरी नेऊन ऐका, न आवडल्यास परत आणा’ असे म्हणू शकणे, हे गावच्या दुकानदाराचे सर्वांत मोठे भांडवल आहे.

ज्यांना हा वाद प्रयोगानेच मिटवावयाचा असेल, त्यांच्यासाठी मार्ग मोकळा आहे. एकाच बनावटीचे दोन स्पीकर घ्यावेत. एक शंभर तास वाजवावा, दुसरा खोक्यात ठेवावा. मग दोन्ही पडद्याआड ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून, दहा वेळा कोणता रुळलेला हे ओळखावे. केवळ अंदाजाने नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. कोणत्याही महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्र विभागांस मिळून हा प्रयोग सहज करता येईल, आणि विद्यार्थ्यांस त्यातून पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकता येईल.

ग्राहकाच्या हक्कासाठी संघटितपणे उभे राहण्याचा संस्कार पुण्यास नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीचे काम १९७४ मध्ये येथेच सुरू झाले, आणि ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये संमत झाला. त्या चळवळीने तराजू, माप आणि भेसळ यांकडे पाहावयास शिकविले. आजच्या मालाचे माप तराजूत मावत नाही. ते आश्वासनांत, मुदतींत आणि तासांत दडलेले असते. पण नियम तोच आहे. माप देणाऱ्याने ते उघड करून दाखवावे. दिवाळीच्या खरेदीस जाणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने एवढेच करावे, की विक्रेता ‘शंभर तास’ म्हणाला, तर न भांडता पावती पुढे करावी आणि म्हणावे, ‘हे यावर लिहून द्या.’